दोष मृताचा

मराठी माणसाला पूर्वज आवडतात, पण निवडून. कुलवृत्तांत उघडला की मूळ पुरुष घोड्यावर तरी असतो नाहीतर वेदाध्ययनात तरी. त्याच्या नातवाला सनद मिळते, पणतूला वतन, आणि खापरपणतू वाडा बांधून भाऊबंदकीला लागतो. ज्या शाखेचा पत्ता लागत नाही तिच्यापुढे 'देशांतरास गेले' एवढे लिहून संपादक मंडळ मोकळे होते. देशांतरासाठी काशी चालते, बडोदे चालते, तंजावर तर फारच चालते. बेल्लमपल्ली चालत नाही. घरातला एकजण निजामाच्या मुलखात कोळसा भरायला गेला आणि खदानीचे छत अंगावर येऊन तिथेच राहिला, ही नोंद वंशवेलीच्या कुठल्याच फांदीवर बसत नाही. शिवाय ज्या घरांतून माणसे खरोखर कोळसा भरायला गेली, त्या घरांचे कुलवृत्तांत छापण्याच्या भानगडीत कोणी पडलेच नाही. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सात पिढ्या सापडतात हे खरे, पण वहीत चढायला आधी तीर्थाला जावे लागते. कोळशाचे टब मोजून मजुरी घेणाऱ्याचा खाडा झाला की मजुरी बुडते, आणि खाडा करून गेला तरी देवळाच्या दारातून आत किती जणांना घेत असत तेही आपल्याला ठाऊक आहे.

तेव्हा खाणीत गेलेला पणजोबा शोधायचा तर वेगळीच विद्या लागते. तिचे सूत्र आम्ही आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला पुढचा लेख वाचायचा की नाही हे ठरवता येईल. माणूस कागदावर टिकतो तो त्याच्यापायी दुसऱ्या कोणाचे तरी पैसे अडकले असतील तरच. कर्तृत्व, कष्ट, दुर्दैव या गोष्टी चरित्रकारांसाठी ठीक आहेत. दप्तरात त्यांना रकाना नसतो. म्हणून 'माझे पणजोबा कसे गेले' हा प्रश्न विचारत हिंडणाऱ्याला कोणी उत्तर देत नाही, आणि 'ते गेल्यावर पैसे कोणाला द्यायचे होते' असे विचारणाऱ्याला निदान कपाट तरी दाखवले जाते.

हे सूत्र पटायला आधी खाण सापडली पाहिजे, आणि इथूनच अडचण सुरू होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या वाक्य चालत आलेले असते की आजोबांचे वडील 'आदिलाबादच्या खदानीत' गेले. वारस आदिलाबाद गाठतो. तिथे त्याला कापूस दिसतो, जिनिंगचे कारखाने दिसतात, चांगले मराठी बोलणारी माणसे भेटतात. खदान तेवढी भेटत नाही. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि सिंगरेणी कोळसा कंपनीच्या खाणी मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला गेल्या. बेल्लमपल्ली, मंदमर्री, श्रीरामपूर सगळे तिकडे. आदिलाबादकडे नाव उरले. पणजोबा जागच्या जागीच आहेत, त्यांच्यावरून जिल्हा निघून गेला.

पण ही अगदी अलीकडची, किरकोळ गैरसोय झाली. मुरलेला घोटाळा पाहायचा तर राजुऱ्याजवळच्या सास्तीला जावे. हे गाव वर्धा नदीच्या एका काठाला, समोर पलीकडे बल्लारपूर. १८७२ मध्ये निजामाने सिरपूर-तांदूर नावाचा उपजिल्हा केला, त्यात राजुरा तालुका होता, म्हणून सास्ती त्या उपजिल्ह्यात गेली. १९०५ मध्ये आदिलाबाद स्वतंत्र जिल्हा झाला, सास्ती आदिलाबादेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, सास्ती नांदेड जिल्ह्यात आणि मुंबई राज्यात. नांदेड कुठे, राजुरा कुठे, हे कोणाच्या तरी लक्षात आल्यावर १९५९ मध्ये ती चांदा जिल्ह्यात गेली, वर्षभरात महाराष्ट्र राज्यात आली, आणि पुढे चांद्याचेच चंद्रपूर झाले. या सगळ्या काळात सास्ती एक फूटही हललेली नाही. किनवटचीही तीच कथा. तेही १९५६ पर्यंत आदिलाबादेतच होते. त्यामुळे किनवटचा माणूस बेल्लमपल्लीला गेला तेव्हा तो जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच गेला होता. आज त्याचा वारस त्याच वाटेने गेला तर परराज्यात पोचतो, आणि पहिल्याच टेबलावर त्याला विचारले जाते, 'तुम्ही महाराष्ट्रातले, इकडे कशाला आलात?'

नदीच्या दोन काठांचा फरक तर याहून गमतीचा आहे. जमिनीखालच्या कोळशाला वर्धा नदी कळत नाही. त्याचे थर कोणतीही सरहद्द न विचारता पसरलेले असतात. वर मात्र बल्लारपूर इंग्रजांचे आणि सास्ती निजामाची. १९०२ साली इंग्रज सरकारने खाणींच्या तपासणीचे खाते काढले, १९०८ मध्ये ते कलकत्त्याहून धनबादला गेले. बल्लारपूरच्या काठाला माणूस दगावला तर त्याची खबर या खात्याला जाणार, छापील अहवालात इंग्रजी आकडा होऊन बसणार. पलीकडच्या काठाला दगावला तर धनबादचा काही संबंध नाही, कारण संस्थानात ब्रिटिश हिंदुस्थानचा खाण कायदा लागू नव्हता. तिथले दप्तर निजामाचे, भाषा उर्दू, आणि साल फसली. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष ऑक्टोबरात सुरू होते. म्हणून महिना आजूर किंवा दै असेल तर ५९०, आणि फरवर्दी किंवा तीर असेल तर ५९१. ही एका वर्षाची चूक साधी समजू नये. तिच्यामुळे कित्येक पूर्वज कागदोपत्री मेल्यानंतर वर्षभर कामावर हजर राहिलेले असणार.

इथे कोणी म्हणेल की निजामाचे सोडा, इंग्रज तर नोंदी ठेवण्यात वाकबगार. त्यांच्या हद्दीत मेलेला माणूस तरी सापडेल? सापडेल, पण दशांश चिन्हाच्या उजवीकडे. मुख्य खाण निरीक्षकाच्या वार्षिक अहवालांत मृत्यूची दोन प्रमाणे दिलेली असत, एक दर हजार कामगारांमागे आणि दुसरे दर दहा लाख टन कोळशामागे. पहिले प्रमाण माणसांसाठी म्हणून सोडून देऊ. दुसऱ्यात खरी मेख आहे. दहा लाख टन कोळसा काढायला माणसे किती लागली, हे जिथे मोजतात तिथे लाकडी टेकू किती लागले तेही मोजत असणार. त्याच इंग्रजांच्या घरच्या खाण निरीक्षकांचे एकोणिसाव्या शतकातले अहवाल पाहावेत. मेलेल्या प्रत्येक खाणकामगाराचे नाव, वय, हुद्दा आणि दोन ओळींत हकीकत, असे तक्तेच्या तक्ते आहेत. त्यामुळे वेल्समधल्या माणसाला आपला पणजोबा घरबसल्या सापडतो. इथल्या अहवालांत भर कशावर, तर पुरुष किती आणि स्त्रिया किती. दोन्हीकडे साम्राज्य एकच होते. पण तिकडचा खाणकामगार मतदार होऊ लागला होता, संघटना करत होता, कोर्टात जात होता. म्हणजे तो मेला की पैसे अडकत होते. आमचे सूत्र समुद्र ओलांडूनही लागू पडते ते असे.

या अहवालांतला आम्हाला सर्वांत आवडणारा तक्ता अपघाताच्या जबाबदारीचा. त्यात रकाने असे: दैवयोग, मृताची स्वतःची चूक, सहकामगाराची चूक, हाताखालच्या अधिकाऱ्यांची चूक, व्यवस्थापनाची चूक, सदोष साहित्य. सर्वांत मोठा आकडा बहुधा दैवयोगाच्या रकान्यात पडे, आणि 'मृताची चूक' हा रकानाही रिकामा राहत नसे. आता मृताने चूक केली हे सांगणार कोण? ज्याच्यावर दोष ठेवायचा तो खुलासा द्यायला हजर नाही, ही गोष्ट कोणत्याही चौकशीला किती सोयीची असते हे सरकारी नोकरी केलेल्यांना वेगळे सांगायला नको. आपले पंचांग या बाबतीत कितीतरी सभ्य आहे. अपघाताने, शस्त्राने, आगीपाण्यात गेलेल्यांसाठी त्याने भाद्रपद वद्य चतुर्दशी राखून ठेवली आहे आणि चूक कोणाची हा प्रश्न विचारलेला नाही. तिथीच माहीत नसेल तर दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या आहेच. नोंदी हरवणार हे गृहीत धरून केलेली एवढी चोख व्यवस्था धनबादलाही साधलेली नाही.

आता सूत्राचा पुरावा. सिंगरेणीचा कोळसा भूगर्भ खात्याच्या विल्यम किंग यांनी १८७१ च्या सुमारास येल्लंदूकडे शोधला. त्यांची नोंद चोख राहिली. त्यांच्या नावाने एका थराला 'किंग' म्हणतात, आणि एकटा राजा बरा दिसेना म्हणून की काय, दुसऱ्या एका थराला 'क्वीन'. पुढे १८८६ मध्ये लंडनला हैदराबाद (डेक्कन) कंपनी निघाली. प्रत्यक्ष खाणकाम सुरू झाले १८८९ मध्ये. पण १८८८ मध्येच, म्हणजे त्याच्या वर्षभर आधी, या कंपनीपायी ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. निजामाच्या दरबारातले सरदार दिलेर जंग, म्हणजे अब्दुल हक, यांनी शेअरांचा व्यवहार कसा केला, ते निजाम सरकारच्याच गळ्यात कसे मारले, मधल्यामध्ये कोणाचे किती भले झाले, याची साक्षीपुराव्यासह रीतसर छाननी झाली आणि ती छापून निघाली. खाणकाम नीट सुरूही झालेले नसताना एवढा मोठा कागद तयार! पुढे माणसे उतरली, बेल्लमपल्लीच्या खाणी निघाल्या, १९२९ च्या सुमारास काझीपेठ-बल्लारशा रेल्वेमार्ग पुरा झाला, कोळसा दोन्ही दिशांना धावू लागला. तो भरणाऱ्यांपैकी एकालाही दिलेर जंगांच्या शतांश कागद मिळाला नाही. त्यांची चूक एवढीच की त्यांनी शेअर घेतले नाहीत.

यावर आक्षेप येतो तो असा, की हे फार तुच्छतेने चालले आहे. कामगारासाठी कायदे झाले, त्यांनी त्याला नाव दिले. अगदी बरोबर, आणि ते कायदे पैशाचे होते एवढेच आमचे म्हणणे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा, अंमल १ जुलै १९२४ पासून. त्यात अपघाती मृत्यूची भरपाई मालकाने परभारे विधवेच्या हातावर न ठेवता आयुक्ताकडे जमा करायची आणि आयुक्ताने ती आश्रितांत वाटायची, अशी तरतूद होती. ज्याने कोणी ती घातली त्याने वंशावळीच्या शास्त्रावर मोठे उपकार केले. कारण वाटायचे म्हटले की वाटेकरी लिहावे लागतात: बायको, अज्ञान मुलगे, म्हातारी आई. पुढे १९४८ चा कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा कायदा आला, नंतर आंध्र प्रदेशातल्या खाणींसाठीही तशीच योजना आली, आणि प्रत्येक कामगाराला फॉर्मवर नॉमिनीचे नाव घालावे लागले. १९५२ च्या खाण कायद्याने कामगाराचे नाव, बापाचे नाव, वय, काम आणि कामावर लागल्याची तारीख असलेली नोंदवही सक्तीची केली; खदानीतली माणसे तिला आजही 'फॉर्म बी' म्हणतात. कोळसा किती निघाला याचा हिशेब १८८९ पासून मिळतो, आणि तो काढणाऱ्याची बायको कोण होती हे कळायला एवढे सगळे कायदे व्हावे लागले. पण एकदा पैसे द्यायचे ठरल्यावर तिचेही नाव लागले, हे नाकारता येत नाही.

बायकोचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. सगळे जण पणजोबा शोधतात; पणजी कोणी शोधत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कोळसा खाणींत १९२० च्या दशकापर्यंत बायका सर्रास जमिनीखाली उतरत होत्या, नवरा कोळसा तोडणार आणि बायको टोपलीने भरणार. १९२९ मध्ये त्यांना टप्प्याटप्प्याने वर आणायचे ठरले आणि १९३७ मध्ये बंदी पुरी झाली. मग दुसरे महायुद्ध आले, कोळसा कमी पडला, आणि १९४३ मध्ये मध्य प्रांत, बंगाल, बिहारसाठी सरकारची नैतिकता तात्पुरती खाली उतरली. १९४६ मध्ये ती पुन्हा वर आली. घरात 'पणजी लवकर गेली' एवढेच सांगत असतील तर ती कुठे गेली हेही विचारून ठेवावे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मोठे अपघात तर सगळ्यांना आठवतात, मग पैशाचे सूत्र कशाला? १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ माणसे गेली. तेव्हा तो जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. २७ डिसेंबर १९७५ ला चासनाळ्यात ३७५ गेली, चौकशी आयोग बसला, आणि चार वर्षांनी 'काला पत्थर' हा सिनेमा आला. १६ जून २००३ ला गोदावरीखणीच्या सात नंबरच्या एलईपी खाणीत पाणी शिरून १७ कामगार गेले. या सगळ्या तारखा नोंदल्या आहेत हे खरेच. पण खाणीतली बहुतेक माणसे अशी घोळक्याने जात नाहीत. एक जण छत पडून जातो, एक जण हॉलेजच्या दोरात सापडून, एक जण न उडालेला सुरुंग बघायला जाऊन. पाळी संपायला तासभर असतो, दुसरी पाळी वेळेवर सुरू होते. एकट्याने मरणाऱ्याच्या वाट्याला आयोगही येत नाही आणि अमिताभ बच्चनही येत नाही. भरपाईची फाईल तेवढी येते. म्हणजे आक्षेप घेणाऱ्याने आमचेच म्हणणे जरा मोठ्या आवाजात सांगितले.

तिसरा आक्षेप मात्र सूत्राच्या मुळावरच येतो. पैशाचा कागद धरून गेले आणि त्या कागदावरचे नावच खोटे असले तर? सिंगरेणीच्या पट्ट्यात ही कल्पना नाही, चळवळ आहे. तेलुगूत 'मारुपेर्लु', म्हणजे बदललेली नावे, हा तिथल्या कामगार संघटनांचा जुना विषय आहे. नोकरीचा कागद एकाच्या नावाचा आणि खाली उतरणारा दुसरा, अशी पुष्कळ माणसे पूर्वी भरती झाली. राम्याच्या नावाने लच्छू आयुष्यभर कोळसा भरत राहिला. हजेरी राम्याची, पगार राम्याचा, खोकला तेवढा लच्छूचा. त्याच्या मुलाने वारसाहक्काने नोकरी मागितली की कंपनी विचारते, 'बापाचे नाव?' खरे सांगितले तर नोकरी जाते, खोटे सांगितले तर बाप. निवडणूक आली की हा प्रश्न सोडवण्याचे आश्वासन निघते. त्यातून 'बदली फिलर' हा तर रीतसर हुद्दाच. दुसऱ्याच्या जागी भरणारा. तेव्हा आक्षेप मान्य, पण त्यातून निघणारा निष्कर्ष अमान्य. नाव बदलले ते नोकरीसाठी, म्हणजे पैशासाठीच. कागदावर नाव खोटे असले तरी अंगठा खरा असतो आणि नॉमिनी बहुधा खरी असते, कारण मेल्यावर पैसे कोणाला जावेत याबद्दल माणूस चेष्टा करत नाही. म्हणून शोध पणजोबांच्या नावाने सुरू करू नये, पणजीच्या नावाने करावा.

राहता राहिली घरची आठवण. ती असावी, पण तिच्यावर पुराव्याचा भार टाकू नये. घरच्या आठवणीत खाणीत गेलेला प्रत्येक पूर्वज दहा जणांना वाचवून गेलेला असतो. हे हिशेबाने घेतले तर वाचलेल्यांची संख्या खाणीतल्या एकूण कामगारांपेक्षा जास्त भरेल. साल विचारले तर 'रझाकारीच्या आधी' किंवा 'पोलिस ॲक्शननंतर' असे उत्तर येते. पोलिस ॲक्शनचा सप्टेंबर १९४८ हा एवढा पक्का खुंटा असल्यामुळे त्याचा उपयोग मात्र आहे. अपघात त्या खुंट्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढे कळले तरी उर्दू वाचणारा शोधायचा की इंग्रजी वाचणारा, ते ठरते.

सरकारला नोंद करता येत नाही असेही कोणी म्हणू नये. जुन्या आदिलाबादच्याच टोकाला, जिवती आणि केरामेरीच्या डोंगरात, परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा अशी गावे आहेत. त्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. तिथल्या जिवंत माणसाचे नाव दोन मतदारयाद्यांत सापडते, रेशनकार्डे दोन, शाळा दोन, योजना दोन्हीकडच्या. मताची किंमत असली की एकाच माणसाची दोन दोनदा नोंद करण्याची ताकद याच सरकारांत आहे.

तेव्हा वाचकहो, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत भविष्य निर्वाह निधीची पिवळी पडलेली चिठ्ठी, भरपाईचा हुकूम किंवा अंगठा उमटलेला कुठलाही कागद असेल तर तो रद्दीत घालू नका. तो घेऊन आदिलाबादच्या कचेरीतही जाऊ नका. निजामाच्या काळातला असेल तर हैदराबादेत तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात जा आणि उर्दू वाचणारा सोबत न्या. नंतरचा असेल तर निधीच्या गोदावरीखणीच्या कार्यालयात जा, खाण चंद्रपूरकडची असेल तर नागपूरच्या. अर्जावर पणजीचे नाव सर्वांत वर लिहा.